निळी आग, पिवळा दगड, पांढरी साखर

कावाह इजेनला लोक दोन गोष्टी बघायला जातात. एक म्हणजे रात्री दिसणारी निळी आग आणि दुसरी, उजाडल्यावर दिसणारं फिरोजी रंगाचं तळं. इन्स्टाग्रामवर 'इजेन' शोधलंत तर याच दोन गोष्टी आलटून पालटून येत राहतात. त्यांच्या मधे कुठेतरी खांद्यावर पिवळ्या दगडांच्या दोन टोपल्या घेतलेला एक माणूस असतो. इंडोनेशियात, जावा बेटाच्या अगदी पूर्व टोकाला हा जागता ज्वालामुखी आहे. मी तिथे गेले ती मात्र तिसऱ्याच गोष्टीसाठी. मला तिथला वास घ्यायचा होता.

जळत्या गंधकाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कोल्हापूर भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात सव्वीस हंगाम सल्फर बर्नरवर होते. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या घरात तो वास मुक्कामाला यायचा. फटाक्याची वात पेटवल्यावर नाकात जे झोंबतं, तसंच काहीतरी, पण त्याहून कोरडं. अण्णांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि हंगामाच्या महिन्यांत तिची चांदीची जोडवी काळी पडायची. पाडव्याच्या आधी ती चिंच लावून घासून पुन्हा पांढरी करायची. आमच्यासाठी ते कॅलेंडरच होतं. जोडवी काळी म्हणजे कारखाना सुरू, पांढरी म्हणजे बंद.

साखरेत गंधकाचं काय काम, हे कारखान्याच्या परिसरात न वाढलेल्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. उसाचा रस मुळात पांढरा नसतो. रसवंतीवर बघा, हिरवट-मातकट असतो. कारखान्यात तो तापवतात, त्यात चुन्याची निवळी घालतात आणि त्यातून गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. चुना आणि धूर एकत्र आले की रसातली घाण साका होऊन खाली बसते आणि रंगही उतरतो. पुढे रस आटवून पाक झाला की त्यातून पुन्हा एकदा धूर जातो. याला डबल सल्फिटेशन म्हणतात, आणि भारतातल्या बहुतेक कारखान्यांत साखर अशीच पांढरी होते. एक टन उसामागे साधारण अर्धा किलो गंधक जळतो. हा धूर तयार करायची भट्टी म्हणजे सल्फर बर्नर. तिच्या तोंडाशी उभं राहून ठरावीक वेळाने गंधक घालायचा, हवा सांभाळायची, पाईप तुंबला तर मोकळा करायचा, हे अण्णांचं काम. तोंडाला मास्क म्हणजे खिशातला रुमाल.

अण्णांना आता जिना चढताना धाप लागते. दवाखान्यात कुणी त्याचा संबंध धुराशी जोडला नाही आणि अण्णांनीही कधी जोडला नाही. "वय झालं," एवढंच म्हणतात. मी बर्नर कधीच पाहिला नाही. तिकडे बाहेरच्या माणसांना, त्यातून पोरींना, कोण जाऊ देणार? आम्ही कारखान्यात जायचो ते साखर वाटपाच्या दिवशी, आणि तेही गोदामापर्यंतच.

म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर बालीचं ठरलं तेव्हा मी नकाशावर बालीच्या डावीकडे बोट ठेवलं. म्हटलं, दोन दिवस इकडे.

*

बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक नावाचं बंदर आहे. तिथून फेरीबोट निघते आणि तासाभरात जावाच्या केतापांग बंदराला लागते. मधल्या सामुद्रधुनीत घड्याळ एक तास मागे जातं, कारण बाली आणि जावा वेगवेगळ्या प्रमाणवेळांत आहेत. म्हणजे ज्या वेळेला निघालो, जवळजवळ त्याच वेळेला पोचलो.

उतरल्यावरचा जिल्हा बान्युवांगी. जावाच्या भाषेत 'बान्यु' म्हणजे पाणी आणि 'वांगी' म्हणजे सुगंधी. सुगंधी पाण्याचं गाव. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, इजेनच्या तळ्यातून झिरपणाऱ्या पाण्याची एक नदी निघते, तिचं नाव बान्युपाइत. 'पाइत' म्हणजे कडू. एकाच डोंगराच्या एका बाजूला सुगंधी पाणी आणि दुसऱ्या बाजूला कडू.

भाषेची गंमत तिथे पावलोपावली भेटते. टपरीवर कॉफी मागितली तर बाईने विचारलं, "गुला?" मी बघतच राहिले. गुला म्हणजे साखर. शब्द संस्कृतातल्या 'गुड'वरून गेलेला, म्हणजे आपल्या गुळाचा सख्खा भाऊ. कामाला 'कर्जा' म्हणतात, तो 'कार्य'. किमतीला 'हार्गा' म्हणतात, तो 'अर्घ'. वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणायचं, 'बापाक'चं लहान रूप. त्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

आणि ऊस. पूर्व जावात रस्त्याच्या कडेला ऊस दिसला की घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते नुसतं वाटणं नव्हतं. डच राजवटीत पूर्व जावाच्या पासुरुआन इथे ऊस संशोधन केंद्र होतं. तिथे १९२१ मध्ये तयार झालेली 'पीओजे २८७८' ही जात जगभर गेली. पीओजे हे त्या केंद्राच्या डच नावाचं लघुरूप, 'पूर्व जावा प्रयोग केंद्र'. पुढे कोइमतूरला तिच्याशी संकर करून 'को ४१९' काढली गेली, आणि आमच्याकडचे म्हातारे शेतकरी अजूनही ज्या '४१९'ची आठवण काढतात ती हीच. म्हणजे ज्या उसावर आमचं घर चाललं त्याचं आजोळ इथलं.

*

इजेनला रात्रीच निघावं लागतं, कारण निळी आग उजेडात दिसत नाही. पाल्तुदिंग नावाच्या ठिकाणापर्यंत गाडी जाते. उंची साधारण १८५० मीटर. तिथे रात्री दोनच्या सुमाराला फाटक उघडतं. त्याआधी तब्येत ठीक असल्याचा दाखला बघतात आणि वाटाड्या गॅसमास्क हातात देतो. आमचा वाटाड्या पंचविशीतला होता. 'मास' म्हणा म्हणाला, म्हणजे दादा.

तिथून तीन किलोमीटर चढ आहे आणि जवळजवळ पाचशे मीटर उंची गाठायची असते. आम्ही सह्याद्रीत हिंडलेल्या पोरी, दम गेला नाही, पण पायाखालची माती वेगळी होती. आपला कातळही लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. इथली राख सैल आहे. वाटेत दोन चाकांच्या हातगाड्या घेतलेली माणसं "टॅक्सी, टॅक्सी" म्हणून हाका मारत होती. ज्यांना चढवत नाही त्यांना गाडीत बसवून दोघं पुढून ओढतात आणि एक मागून ढकलतो. एक गाडीवाला मास्तरांसारखं गंभीर तोंड करून म्हणाला, "लॅम्बोर्गिनी." सगळे हसले. तो हसला नाही, कारण हा विनोद त्याला रात्रीतून पन्नासदा करावा लागत असणार.

कड्यावर पोचल्यावर वास आला.

सांगितलं होतं, तरी मी थांबले. मैत्रिणीने मास्क चढवला, डोळे पुसले, "शी, काय हे," म्हणाली. मी मास्क हातातच धरून उभी होते. अंधार, परका देश, आणि आमच्या घराच्या दारामागच्या खुंटीचा वास. पहिल्या झोतात तोच. दुसऱ्या झोतात त्याच्यामागून सडक्या अंड्यासारखा आणखी एक वास आला. तो हायड्रोजन सल्फाइडचा, ज्वालामुखीचा स्वतःचा, अण्णांच्या शर्टाला नसलेला. तिसऱ्या झोताला घसा आवळला आणि मीही मास्क चढवला.

आम्ही गेलो तेव्हा खाली उतरायला परवानगी होती. विवराच्या आतली पायवाट म्हणजे दगडांची उतरंड. त्यावरून डोक्याला बॅटऱ्या लावलेली माणसांची रांग उतरत होती, आणि त्याच वाटेने, रांगेच्या उलट, ओझी घेतलेले लोक वर येत होते. ते आले की मास ओरडायचा आणि सगळे कडेला व्हायचे. वारकऱ्यांच्या दिंडीत पालखीला वाट देतात तसं काहीसं, फक्त इथे कुणी पाया पडत नव्हतं. फोन वर होत होते.

मग निळी आग दिसली. ज्यांनी फोटोच पाहिलेत त्यांना वाटतं की लाव्हा निळा आहे. तो लाव्हा नव्हे. जमिनीच्या भेगांतून गंधकाची वाफ फार मोठ्या दाबाने आणि सहाशे अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाने बाहेर येते, हवा लागली की पेट घेते आणि गंधक निळाच जळतो. काही वाफ द्रवरूप होऊन उतारावरून जळत वाहते, म्हणून निळा लाव्हा वाहतोय असं दिसतं. ज्योती कधी कधी दीड-दोन पुरुष उंच जातात. धूर मधे आला की दोन-दोन मिनिटं काहीच नाही, आणि मग वारा फिरला की एकदम सगळा उतार निळा.

सुंदर होतं. उगाच नाही कशाला म्हणू? माझ्या आजूबाजूची शंभरेक माणसं वेगवेगळ्या भाषांत एकाच सुरात "आऽऽ" म्हणाली, त्यात मीही होते.

*

आगीच्या शेजारीच कामाची जागा आहे. इथे १९६८ पासून हाताने गंधक काढतात. यंत्रणा म्हणावी तर इतकीच: वाफ निघणाऱ्या भेगांवर चिनी मातीचे मोठे पाईप बसवलेत. वाफ पाईपातून उतरताना निवते आणि तिचा द्रव होतो. पाईपाच्या तोंडातून तो टपटप पडतो तेव्हा रंग गडद लाल असतो, काकवीसारखा. जमिनीवर थंड होत जातो तसा नारिंगी होतो, आणि शेवटी झेंडूसारखा पिवळाधमक दगड. मग पहारीने तो फोडायचा.

पहार चालवणारे एक पाक होते. चाळिशीच्या पुढचे असावेत, पण अशा कामात वय ओळखता येत नाही. तोंडात ओला कापडाचा बोळा धरला होता, दातांत घट्ट. मासला मी म्हटलं, त्यांना विचार, मास्क का नाही? पाकांनी बोळा काढला, दोन वाक्यं बोलले आणि परत तोंडात घातला. मासने सांगितलं, "मास्कच्या जाळ्या संपतात. पुन्हा विकत घ्याव्या लागतात. कापड धुता येतं."

दोन टोपल्या, मधे बांबू. पाकांनी पिवळे दगड असे रचले की दोन्ही पारडी सारखी व्हावीत. सत्तर-पंचाहत्तर किलो. काहीजण नव्वदपर्यंत उचलतात. मी टोपलीची एक बाजू उचलून बघायचा प्रयत्न केला. ती हललीसुद्धा नाही. पाक बांबूखाली खांदा घालून, गुडघ्यातून उठले. बांबू करकरला. साखरेचं पोतं पूर्वी शंभर किलोचं असायचं आणि हमाल ते पाठीवर घ्यायचे, हे मी ऐकून होते. हल्ली पोतं पन्नासचं आहे. इथे अजून जुना हिशेब चालू आहे, आणि तोही तीनशे मीटर उभा चढ चढून.

एका ठिकाणी, जिथे मागे निळी आग आणि बाजूला धूर असा देखावा जमतो, तिथे पाकांनी ओझं टेकवलं. त्यांना माहीत होतं कुठे थांबायचं. फोटो झाले. त्यांनी मान किंचित वळवली, उजेड गालावर पडेल अशी. कुणीतरी दहा हजार रुपियाची नोट दिली, कुणी वीस हजाराची. ऐकायला मोठी वाटते, पण दहा हजार रुपिया म्हणजे आपले पन्नासेक रुपये. पाकांनी नोटा खिशात घातल्या, मान हलवली, बोळा तोंडात, बांबू खांद्यावर.

माझ्या मैत्रिणीला ते बघून वाईट वाटलं. "आपण माणसाचा शो करतोय," म्हणाली. मला मात्र तसं म्हणवेना. अण्णांचा सव्वीस वर्षांत कामावरचा एकही फोटो नाही. जो आहे तो हंगाम संपल्यावरचा, शंभर माणसांत तिसऱ्या रांगेत, धुतलेल्या शर्टातला. बर्नरसमोरचे अण्णा कसे दिसायचे, हे मला कुणीच दाखवू शकत नाही. पाकांचे फोटो निदान हजार लोकांच्या फोनमध्ये आहेत. त्या फोटोचे त्यांना पैसे मिळतात, आणि तो कुठे चांगला येतो हे त्यांना आमच्याहून जास्त कळतं. तो त्यांच्या कामाचाच भाग झालाय.

मग दोघांत फरक काय? मला वाटतं, फक्त भिंतीचा. कारखान्याला भिंत असते, विवराला नसते. धूर तोच, तोंडावरचं फडकं तेच, पण एक दिसतं आणि एक दिसत नाही. आपण साखर घेताना फक्त तिचा पांढरेपणा बघतो. इजेनला भिंत नाही म्हणून आपल्याला धक्का बसतो, आणि धक्का बसला की वाटतं हे फार लांबच्या देशातलं काहीतरी आहे.

*

साडेपाचच्या सुमाराला अंधार विरळ झाला आणि निळी आग गेली. म्हणजे जळत होतीच, फक्त दिसेनाशी झाली. तिच्या जागी तळं उमटलं.

अंडाकृती, जवळजवळ एक किलोमीटर लांब, भोवती राखाडी कडे, आणि मधे हा रंग, ज्याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. मोरपंखी म्हणावं तर त्यात दूध कालवलेलं. पाण्यात विरघळलेले धातू आणि गंधकाचे सूक्ष्म कण यांनी तो येतो. तळ्याची खोली दोनशे मीटरच्या आसपास. साठा साधारण तीन कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत एक टीएमसी. कोयनेत शंभराहून जास्त मावतं, त्या मानाने हे लहानच. पण हे पाणी नव्हे, तेजाब आहे. गंधकाम्ल आणि मिठाचं आम्ल यांचं मिश्रण, सामू ०.५ च्याही खाली. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, म्हणजे हे लिंबाच्या तीसपट आंबट. इतकं तीव्र आम्ल असलेलं एवढं मोठं विवर-सरोवर जगात दुसरं नाही असं मानतात.

आणि ते शांत नाही. १८१७ मध्ये इथे मोठा उद्रेक झाला आणि तळ्याचं पाणी खालच्या गावांवर आलं. १९९० च्या दशकातही लहान स्फोट झाले. मे २०२० मध्ये तळाशी साठलेला वायू उसळून पाण्यात सुमारे तीन मीटरची लाट उठली आणि काठावरचा एक गंधक कामगार त्यात गेला. एप्रिल २०२४ मध्ये कड्यावर फोटोसाठी उभी राहिलेली एक चिनी पर्यटक तोल जाऊन खाली पडली आणि मरण पावली. दुसरी बातमी जगभर फिरली, मीही तेव्हाच वाचली होती. पहिली मला मासने सांगितली, तळ्याकडे बोट दाखवून.

या तळ्याचं झिरपलेलं पाणी, ती कडू नदी, पुढे दुसऱ्या ओढ्यांना मिळत चाळीसेक किलोमीटरवरच्या आसेम्बागुसच्या सपाटीवर पोचते आणि तिथे शेतीला जाते. एवढं अंतर कापूनही तिचा आंबटपणा पुरता जात नाही. त्या पाण्यातल्या फ्लोराइडने तिकडच्या लोकांच्या दातांवर डाग पडतात, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. आसेम्बागुसला एक जुना साखर कारखाना आहे. म्हणजे ज्वालामुखीतून गंधक एका वाटेने खाली येतो माणसांच्या खांद्यावरून, आणि दुसऱ्या वाटेने पाण्यातून. इथल्या गंधकाचा एक ग्राहक साखर धंदाच आहे. रबर, काड्यापेट्या, सौंदर्यप्रसाधनं हे बाकीचे.

खरं तर जगाला आज असा खांद्यावरचा गंधक लागत नाही. कच्चं तेल शुद्ध करताना त्यातून गंधक काढावाच लागतो आणि तो ढिगांनी निघतो. आमच्याकडच्या कारखान्यांत येणारा गंधकही मुख्यतः रिफायनऱ्यांचा. मग इथे हे काम का चालू आहे? मासचं उत्तर सोपं होतं. खालच्या कॉफीच्या मळ्यात याहून कमी मिळतं.

*

उतरताना वाटेत एक गोल, जुनी, डचांच्या काळातली इमारत लागते. तिला पोंदोक बुंदेर म्हणतात, म्हणजे गोल खोपट. इथे गंधकाची वजनं व्हायची. वजनाचा विषय निघाला तेव्हा आमचे पाक गाडीवर टोपल्या चढवून मागून पोचले होते. अलीकडे कड्यापासून खाली यायला अनेकांकडे त्या दोन चाकी गाड्या आहेत, त्यामुळे खांद्याचं निम्मं काम वाचलंय.

दर त्यांनी सांगितला तो किलोला बाराशे रुपिया. मी मनातल्या मनात हिशेब केला. किलोला सहा रुपयांच्या आसपास. पंचाहत्तर किलोचे साडेचारशे-पावणेपाचशे. दिवसाला दोन खेपा. आणि त्याच गाडीत गंधकाऐवजी पर्यटक बसवला, जाऊन-येऊन, तर आठ-नऊ लाख रुपिया, तिघांत वाटून. पंचावन्न किलोची मी, पंचाहत्तर किलो गंधकापेक्षा महाग. पाकांना विचारलं, मग गाडीच का ओढत नाही? ते म्हणाले, पर्यटक रोज मिळत नाही, विवर बंद ठेवलं की अजिबातच नाही. गंधक मात्र कायम आहे. ज्वालामुखी बंद पडत नाही.

त्यांचं नाव मी विचारलं. त्यांनी सांगितलं आणि माझंही विचारलं. लिहायची परवानगी घेतलेली नाही म्हणून इथे लिहीत नाही. माझ्या वडिलांचं काम मासने त्यांना समजावून सांगितलं. कितपत कळलं माहीत नाही, पण पाक म्हणाले, "बेलेरांग?" म्हणजे गंधक. मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या छातीवर दोनदा टिचकी मारली आणि प्रश्नार्थक बघितलं. मी पुन्हा मान हलवली. यापुढे दुभाष्याची गरज पडली नाही.

पाल्तुदिंगला हात धुताना लक्षात आलं, माझ्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली होती. एका रात्रीत. आईच्या जोडव्यांना निदान महिना लागायचा.

*

दुपारी खाली गावात नेटवर्क मिळाल्यावर अण्णांना व्हिडिओ पाठवले. तोवर मैत्रिणीच्या रीलवर शंभर-दीडशे प्रतिक्रिया आल्या होत्या. आगीची चिन्हं, रडणारे चेहरे, 'बकेट लिस्ट', 'किती गरीब बिचारे', 'कुठला फिल्टर वापरलास'. थोड्या वेळाने अण्णांचा फोन आला.

"आग बघायला गेली होतीस व्हय एवढ्या लांब?"

"निळी आहे अण्णा. बघितलीत ना?"

"गंधकाची आग निळीच असती. बर्नरला भिंग होतं, त्यातनं रोज दिसायची. रात्रपाळीला तर झकास दिसायची."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं?"

मग ते जरा थांबले. व्हिडिओ पुन्हा लावला असावा, कारण मागे वाऱ्याचा घोंघो आवाज आला. अण्णांचा श्वासही ऐकू येत होता, शिट्टीसारखा, पायऱ्या न चढताही.

"ते पाईप चोक होत असणार."

"होतात. मास म्हणाला, सारखे बदलावे लागतात. वरून पाणी मारतात."

"मारावंच लागतंय. जास्त तापलं की गंधक वाफेनंच पुढं जातो आणि लांब जाऊन गोठतो. आमच्याकडं जॅकेटातनं पाणी फिरायचं, तरी चोक व्हायचं. मग सळी घालून काढायचं. ते काढताना खरा धूर." इतकं सलग ते कामाबद्दल माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. मी मधे बोलले नाही. सळी केवढी असायची, कोणत्या पाळीत कोण जोडीदार असायचा, वारा कुठल्या दिशेचा असला की धूर परत तोंडावर यायचा, एका दिवाळीत जोडीदाराला चक्कर आली तेव्हा त्याला उचलून उसाच्या गव्हाणीकडे मोकळ्या हवेत कसं आणलं, सगळं सांगितलं. वीसेक मिनिटं. मला वाटलं, आज कारखान्याच्या भिंतीला एक खिडकी पडली.

मग म्हणाले, "हे गडी डाव्याच खांद्यावर घेतोय बघ. उजवा गेला असंल त्याचा. नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. अण्णांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

"किलोला काय देत्यात?"

"सहा रुपये पडतात आपले."

"हं." पुन्हा शांतता. मला वाटलं, आता काहीतरी हळहळीचं बोलतील. उसाच्या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता.

"आणि वजनकाटा कुणाचा असतो गं तिथं?"